काशी आणि सारनाथ एकाच दिवशी गाईड घेऊन पाहता येईल का?

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत आईवडिलांना घेऊन काशीला जाताय, दर्शन आणि गंगापूजन उरकल्यावर एक अख्खा दिवस हाताशी राहतो, आणि हॉटेलवाला 'काशी-सारनाथ एक दिवस, गाडी आणि गाईडसह' अशी टूर सुचवतोय. ती घ्यावी, की सारनाथला रिक्षाने जाऊन तासाभरात परत यावं?

दोन्ही एकाच दिवशी पाहा आणि गाईड घेऊनच पाहा. फक्त हॉटेलवाला देतो तो कार्यक्रम जसाच्या तसा घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा सकाळी नाव, मग ओळीने पाचसहा देवळं, दुपारी जेवण, वाटेत साडीचं दुकान आणि उरलेल्या वेळात सारनाथ असतं. तिथे पोचेपर्यंत वयस्कर माणसं दमून गेलेली असतात. स्तूपापुढे फोटो काढायचा, थाई लोकांनी उभारलेली बुद्धांची भव्य मूर्ती पाहायची, की परत. घरी आल्यावर 'सारनाथला काय, नुसत्या विटा आहेत' असं सांगणारे बहुतेक जण असेच जाऊन आलेले असतात.

मी नातेवाइकांना, ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन वरचेवर काशीला जातो. माझं मत असं की ही दोन ठिकाणं मुळात वेगळी नाहीत. सारनाथचा बराचसा भाग काशी शहरात जिरलेला आहे. हे ज्याने समजावून सांगितलं तो गाईड खरा, आणि एकाच दिवशी दोन्ही पाहण्यात फायदा आहे तोही याच्यासाठी.

शहरातून सारनाथला जाताना वरुणा नदी ओलांडावी लागते. वरुणा आणि असी यांच्यामधली ती वाराणसी, हे तुमच्या वडिलांना ठाऊक असेलच. एकोणिसाव्या शतकात या नदीवर पूल बांधताना सारनाथहून अठ्ठेचाळीस मूर्ती आणि कोरीव दगड आणून पाण्यात टाकले होते, खांबांना प्रवाहाचा मार लागू नये म्हणून. पुढे लोखंडी पूल झाला तेव्हा आणखी पन्नास-साठ गाड्या दगड गेले. त्या काळच्या लेखनात याची नोंद आहे. गाडी वरुणा ओलांडत असतानाच आईबाबांना हे सांगा. मग सारनाथच्या मोकळ्या चौथऱ्यांकडे ती दोघं वेगळ्या नजरेने बघतील.

त्याआधीची एक गोष्ट आहे. १७९४ साली बाबू जगतसिंहांच्या माणसांनी सारनाथचा धर्मराजिका स्तूप पाडून विटा शहरात नेल्या. जगतसिंह म्हणजे काशीनरेश चेतसिंहांचे दिवाण. त्या विटा लागल्या जगतगंजच्या बांधकामाला, आणि जगतगंज आजही शहराच्या मध्यात आहे. स्तूप खणताना दगडी पेटी निघाली, तिच्या आत संगमरवरी करंडक आणि करंडकात अस्थी. त्या अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. मला यात दुष्टावा दिसत नाही. काशीच्या माणसाला अस्थी सापडल्या तर तो दुसरं काय करणार? पण ज्या स्तूपाचं नातं अशोकाच्या काळाशी सांगतात त्याचा आज जमिनीलगत विटांचा गोल तेवढा उरलाय. गाईड नसेल तर तुम्ही त्याच्या कडेने चालत जाल आणि कळणारही नाही. या घटनेची हकिकत लिहून ठेवली बनारसचा तेव्हाचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, जोनाथन डंकन याने. तोच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८११ मध्ये मुंबईतच वारला. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये त्याचं स्मारक आहे.

आता दिवस कसा लावायचा ते.

पहाटे साडेपाच-सहाला अस्सी घाटावरून नाव घ्या आणि प्रवाहाच्या दिशेने पंचगंगा घाटापर्यंत जा. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे, घाट पूर्वेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे उगवतीचं ऊन सरळ पायऱ्यांवर येतं. वाटेत मराठी माणसाला थांबायला लावणारं बरंच काही आहे. नागपूरकर भोसल्यांचा घाट, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला शिंदे घाट आणि त्याच्या पायथ्याशी कललेलं रत्नेश्वराचं देऊळ. विश्वनाथाचं आजचं मंदिर १७८० मधलं, अहिल्याबाई होळकरांचं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण पंचगंगेवरचं बिंदुमाधवाचं मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. तिथेच नाव सोडा आणि वर चढून दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून चाला. पिढ्यान् पिढ्या काशीत राहिलेली मराठी घराणी याच भागातली. पंचगंगेच्या पायऱ्या उंच आहेत. आईचे गुडघे दुखत असतील तर नावेतूनच पाहून परत फिरा, हट्ट करू नका.

यानंतर कचोरी-जिलेबीचा नाश्ता. थंडी टिकून असेल तर मलइयो मिळेल, तो केशरी फेस फक्त थंडीतच करतात. मग हॉटेलवर तासभर आराम. देवळांची रांग या दिवसात घालूच नका. विश्वनाथाच्या दर्शनाला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही, मोबाइलही बाहेर ठेवावा लागतो. ते आदल्या दिवशीच झालेलं बरं.

साडेनऊ-दहाला गाडी काढा आणि सारनाथच्या आधी राजघाटला अर्धा तास थांबा. टूरवाले इथे सहसा नेत नाहीत, तुम्हालाच सांगावं लागेल. मालवीय पुलाजवळ, वरुणेचा संगम जवळच असलेल्या या पठारावर जुनी काशी होती. इथल्या उत्खननात इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपासपासूनची वस्ती उजेडात आली. बुद्धांच्या काळातली काशी म्हणजे दशाश्वमेध किंवा मणिकर्णिका नव्हे, ती ही. इथून सारनाथ किती जवळ आहे ते लक्षात आलं की यश नावाच्या तरुणाची कथा पटते. काशीतल्या धनाढ्य व्यापाऱ्याचा हा मुलगा, घरातल्या विलासाला विटून रात्रीच बाहेर पडला आणि चालत ऋषिपत्तनात, म्हणजे सारनाथला, बुद्धांपाशी पोचला. बौद्ध परंपरा असं सांगते. एका रात्रीत पायी सहज जाता येईल इतकंच ते अंतर. बुद्ध बोधगयेहून इतकं दूर इथवर आले ते आपल्या पाच जुन्या सोबत्यांना शोधत, पण पहिला उपदेश झाला ती जागा एका मोठ्या, गजबजलेल्या नगराच्या वेशीबाहेर होती. उपदेशाला माणसं आणि भिक्षेला घरं, दोन्ही जवळ.

सारनाथला आधी संग्रहालय, मग अवशेष. गाईड बहुधा उलट सुचवतील. ऐकू नका. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा मूर्ती पाहाव्यात. आणि शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून तुमचा मोकळा दिवस शुक्रवार असेल तर आत्ताच दर्शनाचा आणि या दिवसाचा क्रम बदलून घ्या. संग्रहालय नऊ ते पाच, अवशेषांचा परिसर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत.

आत शिरताच समोर सिंहशीर्ष, म्हणजे अशोकस्तंभाच्या टोकावरचे चार सिंह. सातेक फूट उंच, चुनारच्या वालुकाश्मातलं. ओर्टेल या अभियंत्याच्या उत्खननात १९०५ मध्ये सापडलं. त्याच्याभोवती पूर्ण चक्कर मारा, हे मी मुद्दाम सांगतोय. नाण्यावर, पासपोर्टवर रोज दिसणाऱ्या राजमुद्रेत सिंह तीन दिसतात आणि त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर बैल आणि घोडा. पट्टीवरचे हत्ती आणि सिंह, आणि वरचा चौथा सिंह पाहायला मागेच जावं लागतं. पट्टीवरचा हा सिंह चालतोय, वरचे चार पाठीला पाठ लावून बसलेत. खालचं उमललेलं उलटं कमळ राजमुद्रेत घेतलेलंच नाही. सव्वादोन हजार वर्षांनंतरही दगडाची झिलई इतकी टिकून आहे की कडेने पाहिलं तर खिडकीचा उजेड तिच्यावर चमकतो. सिंहांच्या डोक्यावर पूर्वी एक मोठं चक्र होतं, त्याचे तुकडे तिथेच ठेवलेत. बहुतेक लोक ते न पाहताच पुढे जातात.

दुसरी थांबायची जागा म्हणजे धर्मचक्रमुद्रेतले, म्हणजे उपदेश करतानाच्या हस्तमुद्रेतले बुद्ध, पाचव्या शतकातले, गुप्तकाळातले. चेहऱ्याकडे सगळेच पाहतात. तुम्ही खाली बैठकीकडेही पाहा. मध्ये चक्र, दोन्ही बाजूंना ते पाच जुने सोबती, आता शिष्य झालेले, आणि एका टोकाला लहान मुलाला घेऊन बसलेली एक बाई. मूर्ती दान करणारी बहुधा तीच असावी असं मानतात. याशिवाय मथुरेच्या लाल दगडातला बल भिक्षूने कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी दान दिलेला बोधिसत्त्व आणि त्याची दगडी छत्री. इतकं जरी नीट पाहिलं तरी दीड तास जातो. गाईड ठरवताना त्याला एवढंच विचारा, 'संग्रहालयाला किती वेळ द्याल?' तो 'वीस मिनिटं खूप झाली' म्हणाला तर दुसरा पाहा.

अवशेषांत अशोकस्तंभाचे तुकडे जाग्यावरच आहेत. त्यावरच्या ब्राह्मी लेखात अशोकाने बजावलंय की जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडेल त्याला पांढरी वस्त्रं नेसवून वेगळं ठेवावं. पुढे असंही लिहिलंय की या आज्ञेची एक प्रत गृहस्थ उपासकांसाठी ठेवावी आणि त्यांनी दर उपोसथाला, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी, येऊन ती समजून घ्यावी. म्हणजे शहरातली संसारी माणसं इथे नियमाने येत होती. आज ही लिपी वाचता येते ती जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली तिची उकल केली म्हणून, आणि १८२० ते १८३० अशी दहा वर्षं हाच प्रिन्सेप बनारसच्या टांकसाळीत नोकरीला होता.

धमेक स्तूप लांबूनच दिसतो. जवळ जा, अगदी कोरीव पट्ट्यापाशी. वेलबुट्टी आणि भौमितिक नक्षी अशी गुंफलीय की बनारसी शालूचे काठ पाहिलेल्या बाईला ती लगेच ओळखीची वाटते. काही पाकळ्या नुसत्या आखून सोडल्यात, काम अर्धवट राहिलेलं स्पष्ट दिसतं. परिसर सपाट आहे, चालायला त्रास नाही, पण सावली कमी. टोपी, पाणी हवंच.

बाहेर पडल्यावर श्रीलंकेचे बौद्ध धर्मप्रसारक अनागारिक धर्मपाल यांच्या प्रयत्नाने १९३१ मध्ये झालेला मूलगंधकुटी विहार. आतली भित्तिचित्रं कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकाराची. इथे महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं हमखास भेटतात. बाबासाहेब काठमांडूहून परतताना नोव्हेंबर १९५६ मध्ये सारनाथला आले होते, महापरिनिर्वाणाच्या जेमतेम दोन आठवडे आधी. परतीच्या रस्त्यावर चौखंडी स्तूप लागतो. खाली गुप्तकाळातली वीट आणि वर १५८८ मध्ये तोडरमलाच्या मुलाने हुमायूनच्या आठवणीसाठी बांधलेला अष्टकोनी मनोरा. गाडीतून पाच मिनिटं उतरलात तरी पुरे.

दिवसभराला एकच गाईड घेण्यापेक्षा दोन घ्या, असं मी सुचवीन. घाट आणि गल्ल्यांसाठी तिथेच वाढलेला माणूस, आणि सारनाथसाठी प्रवेशद्वारापाशी मिळणारा परवानाधारक गाईड. ओळखपत्र पाहा, पैसे आणि वेळ आधी ठरवा, मराठी नाही तरी सावकाश हिंदी बोलणारा निवडा. गाडीवाल्याला सकाळीच सांगून टाका: दुकान नको, विणकरांचं 'घर' नको. सारनाथच्या रस्त्यावरच्या या थांब्यांवर कमिशन ठरलेलं असतं आणि त्यात तुमचा तास-दीड तास जातो. आईंना शालू घ्यायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी शहरातल्या चौक भागात निवांत घ्या.

दोन-अडीचपर्यंत परत, जेवण, झोप, आणि संध्याकाळी दशाश्वमेधची आरती नावेतून. पायऱ्यांवरच्या गर्दीत दोन तास बसणं वयस्कर माणसांना झेपत नाही. फेब्रुवारीत धुकं बहुतेक ओसरलेलं असतं. तरीही पहाटे दाट धुकं दिसलं तर नाव संध्याकाळवर ढकला आणि नऊ वाजताच संग्रहालयाच्या दारात हजर व्हा. आणि काही कारणाने वेळ कमी पडलाच तर राजघाट, चौखंडी गाळा, पण संग्रहालय गाळू नका.