नाचातून देश दाखवणारा चित्रपट? ‘कल्पना’ बघा, पण कथेच्या मागे लागू नका

शरीर आणि राष्ट्रीय ओळख यांचा नाचातून विचार करणारा चित्रपट तुम्हाला हवाय, आणि नाचातलं फारसं कळत नाही असंही तुम्ही लिहिलंय. मी एकच नाव घेईन: नर्तक उदय शंकर यांचा ‘कल्पना’, १९४८.

आधी माझ्या शाळेचं सांगतो. दर स्नेहसंमेलनात ‘विविधतेत एकता’ असायचंच. मी उंच, म्हणून माझ्या वाट्याला कायम पंजाब. फेटा, गोंदाने चिकटवलेली मिशी. शेजारी नऊवारीतली, तिच्या पलीकडे टिपऱ्या घेतलेला गुजरात. पण पाय सगळ्यांचे सारखेच पडायचे, कारण बाईंनी स्टेप एकच बसवलेली. देश अंगावर चढवायचा आणि दुसऱ्या दिवशी ड्रेपरीवाल्याला परत करायचा.

‘कल्पना’ बघताना हे सारखं आठवत होतं, कारण उदय शंकर यांच्यापुढेही प्रश्न तोच होता: भारतीय शरीर म्हणजे नेमकं कुठलं? गंमत बघा. हा माणूस लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेलेला. नाचाची रीतसर तालीम नाही. १९२३ साली तो रशियन बॅलेरिना अ‍ॅना पावलोव्हासोबत कृष्ण म्हणून रंगमंचावर आला, तोही परदेशी प्रेक्षकांसमोर. म्हणजे त्याचा ‘भारतीय’ नाच आधी परक्या नजरेसाठी उभा राहिला, मुळं शोधणं नंतर. पुढे तो कथकळी शिकला. हिमालयातल्या अल्मोड्याला नृत्यकेंद्र काढून त्याने कथकळी, भरतनाट्यम आणि मणिपुरीचे गुरू एकाच आवारात आणले. (आपला गुरुदत्त तिथेच शिकला आणि नंतर पुण्यात ‘प्रभात’मध्ये आला.) केंद्र काही वर्षांतच बंद पडलं. मग मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत हा चित्रपट झाला, ज्याचा नायक उदयन (भूमिकेत स्वतः उदय शंकर) हिमालयात कलाकेंद्र उभारायचं स्वप्न बघतो. बंद पडलेली संस्था माणसाने पडद्यावर पुन्हा उघडली, असं मला वाटतं.

कथा खरं सांगायचं तर कंटाळवाणी आहे. नायकावरून दोन बायकांची ओढाताण, मध्येच भाषणं. ते सोडून द्या. कामगार आणि यंत्रांचा प्रसंग मात्र दोनदा बघा. मूळ रंगमंचावरचा हा नाच १९३९चा. माणसांचे हात-खांदे हळूहळू यंत्राचे भाग होत जातात. मुद्रा, म्हणजे हातांच्या ठरलेल्या खुणा, ओळखाव्या लागत नाहीत, कुणी कुठल्या प्रांताचा तेही कळत नाही. माझ्या मते अख्ख्या चित्रपटात देश सगळ्यात जास्त इथेच दिसतो, आणि इथे एकाच्याही अंगावर प्रांताचा पोशाख नाही. कॅमेराही नुसता समोर बसून नाच टिपत नाही. लांब सावल्या, तिरपे कोन, एकावर एक चढवलेल्या प्रतिमा. रंगमंचावर हे जमलंच नसतं. संगीत विष्णुदास शिराळी यांचं. ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, त्यामुळे गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतला एक धागा इथेही सापडतो.

एक खटकतं, तेही सांगतो. देव उदय शंकरच, कलावंत तोच, द्रष्टाही तोच. नव्या देशाचं शरीर म्हणून शेवटी एका देखण्या पुरुषाचंच शरीर पुढे येतं. नायिका झालेली त्याची बायको अमला शंकर इतकी सुंदर नाचते, तरी ती बहुतेक वेळा त्याच्या स्वप्नातली माणूस राहते.

प्रत चांगली मिळवा. २०१२मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात याची दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. त्यासाठीचं मूळ साहित्य पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातलं होतं. जुन्या धुरकट प्रतीत सावल्यांचा खेळच मरतो.

आणि हे फार जुनं वाटलं, तर नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांच्या ‘शरीर’ या नाचावरचा आइन लाल यांचा माहितीपट शोधा. चंद्रलेखांचा जन्म आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावचा, काम बहुतेक चेन्नईतलं. ‘शरीर’मध्ये ना देव, ना गोष्ट. गुंदेचा बंधूंचं धृपद, नाचणारी तिशानी दोशी आणि कलरीपयट्टू या केरळच्या युद्धकलेतला शाजी जॉन, एवढंच. तिशानी इतकी सावकाश हलते की पहिल्यांदा बघताना माझा व्हिडिओ अडकलाय असं समजून मी वायफाय बंद-चालू केलं होतं.