‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ हा रॉक बँड कसा उभा राहिला? आणि त्यांच्याकडे ड्रमर का नव्हता?

तुमचा दुसरा प्रश्न सुटला की पहिला आपोआप सुटतो, कारण ड्रमर नसणं हाच या बँडच्या आवाजाचा पाया आहे.

सुरुवात 1980 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात झाली. अँड्र्यू एल्ड्रिच आणि गिटारवादक गॅरी मार्क्स, एवढे दोघेच. पहिलं सिंगल (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) त्यांनी स्वतःच्याच ‘मर्सिफुल रिलीज’ या लेबलवर काढलं, प्रती फक्त 1000. मोठी महत्त्वाकांक्षा नव्हती. आपलं गाणं एकदा रेडिओवर लागावं, इतकंच. त्यात एल्ड्रिच स्वतः खरे ड्रम वाजवतो, आणि खरं सांगायचं तर ते ऐकवत नाहीत. त्याने ड्रम सोडून गाण्याकडे वळायचं ठरवलं, हे बरंच झालं. मग ताल कोण धरणार? नवा माणूस न शोधता त्यांनी ठेका वाजवणारं ड्रम मशीन आणलं: ‘बॉस’ कंपनीचं डीआर-55, म्हणजे ‘डॉक्टर रिदम’. त्याचं बारसं झालं ‘डॉक्टर अ‍ॅव्हलांच’ आणि बँडच्या सभासदांत त्याचं नाव लागलं. आजही लागतं.

या डब्यात आवाज चारच: बास ड्रम, स्नेअर (खणखणीत छोटा ड्रम), रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा टोला) आणि हाय-हॅट (झांजांची जोडी). एका पॅटर्नला 16 घरं, म्हणजे ठोका ठेवायच्या 16 जागा. भराव, तिहाईसारखी करामत, हळूहळू चढत जाणं, यातलं काहीच जमत नाही. त्यामुळे गाण्यातला चढउतार बाकीच्यांनी आणायचा. 1981 मध्ये क्रेग अ‍ॅडम्स आला आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावलेला त्याचा बास गिटार पुढे सरकला. मागे तोच तो ठेका, त्यावर खरखरीत बास, त्यावर एकेक तार छेडत जाणारी गिटार आणि तळातून येणारा एल्ड्रिचचा आवाज, अशी घडण बसली. 16 फेब्रुवारी 1981 ला यॉर्कमध्ये पहिला कार्यक्रम झाला. त्यानंतर बेन गन दुसरा गिटारवादक म्हणून आला. डॉक्टरही बदलत गेला, नाव तेच पण मशीन नवं: रोलँड टीआर-606, थोडे दिवस 808, मग ओबरहाइम डीएमएक्स.

असा आवाज घरी काढून बघायचा असेल, तर 16 घरांत बास ड्रम 1, 5, 9, 13 वर ठेवा, स्नेअर 5 आणि 13 वर, हाय-हॅट एकाआड एक घरात. बासवर मूळ स्वराचे आठवे भाग (एका मात्रेत दोन) न थांबता, सगळे खालच्या दिशेच्या फटक्याने. इथे हमखास एक चूक होते: पूर्ण बास डिस्टॉर्शनमधून गेला की खालचा भार निघून जातो आणि नुसती भुणभुण उरते. सिग्नल दोन वाटांनी न्या, एक स्वच्छ, एक खरखरीत, आणि मग मिसळा. गिटारच्या डिलेची (प्रतिध्वनी देणाऱ्या परिणामाची) वेळ अंदाजाने लावू नका. लय मिनिटाला 120 मात्रांची असेल तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची, म्हणून डिले 250 किंवा 375. मधलाच कुठला आकडा ठेवलात तर चार ओळींत सगळा चिखल होतो.

स्टेजवरची खरी अडचण वेगळीच. रियाजाला तालमाला लावून बसणाऱ्यांना ती लगेच कळेल: मशीन तुमच्यासाठी थांबत नाही. माणूस ड्रमर असेल तर गायक अर्धी मात्रा चुकला तरी सांभाळून घेतो; इथे चुकलात की तुम्हीच परत यायचं. म्हणून मशीनचा आवाज प्रत्येकाला आपापल्या मॉनिटरमध्ये (वादकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) ऐकू यायलाच हवा.

नोव्हेंबर 1982 चं ‘अ‍ॅलिस’ हे माझ्या मते पहिलं पूर्ण जमलेलं काम. निर्मिती ‘सायकेडेलिक फर्स’ या बँडच्या जॉन अ‍ॅश्टनची. 1983 मध्ये आधी मुद्दाम संथ ठेवलेला ‘द रेप्टाइल हाउस’ हा ईपी (सिंगलपेक्षा मोठी, अल्बमपेक्षा लहान रेकॉर्ड), मग ‘टेंपल ऑफ लव्ह’ हे सिंगल. त्याच वर्षी गन गेला आणि वेन हसी आला. हसीच्या बारा तारांच्या गिटारने रंग बराच उजळला. मोठ्या कंपनीशी करार झाला आणि मार्च 1985 मध्ये पहिला अल्बम आला, ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’. पण तोवर आतून फाटत आलं होतं. आधी मार्क्स बाहेर पडला, आणि वर्ष संपायच्या आत हसी-अ‍ॅडम्सही गेले. त्यांनी पुढे ‘द मिशन’ काढला. एल्ड्रिचला ‘गॉथ’ (काळोख्या, उदास वळणाचं रॉक) हा शिक्का कधीच मान्य नव्हता, पण लोकांनी तो मारायचा काही सोडला नाही.

सुरुवातीची सिंगल्स एकत्र हवी असतील तर 1992 चा ‘सम गर्ल्स वाँडर बाय मिस्टेक’ हा संग्रह घ्या. त्यातला क्रम काळानुसार नाही: 1980 ची गाणी शेवटाकडे आहेत, ‘अ‍ॅलिस’ सुरुवातीला. मशीन येण्याआधीचा आणि नंतरचा फरक ऐकायचा असेल तर 1980 च्या पहिल्या सिंगलवरचं ‘डॅमेज डन’ आधी लावा, मग संग्रहातल्या पहिल्या गाण्यावर या.