सी-आर्मच्या ओटीत गरोदरपणी: ऑर्थो सोडावं का?

ऑर्थोच्या (हाडांच्या शस्त्रक्रियेच्या) पीजीच्या सेकंड इयरला आहेस, गरोदरपणाचा अकरावा आठवडा चालू आहे, युनिटमध्ये कोणालाच सांगितलेलं नाही आणि रोज सी-आर्मच्या, म्हणजे ओटीतल्या फिरत्या एक्स-रे मशीनच्या, केसेस. ब्रांच सोडू का, असं विचारलंयस. नको सोडूस. पण सांगून टाक, याच आठवड्यात, आणि लेखी. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) गर्भासाठीची १ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्गाच्या डोसची मर्यादा तू गरोदर असल्याचं कळवल्यापासून पुढच्या महिन्यांना लागू होते. तोंडी सांगितलंस तर उद्या कोणीही कानावर हात ठेवेल.

माझ्या वेळी नुसता टीएलडी बॅज होता, अंगावर लावून किरणांचा डोस मोजायचा. तो तिमाहीला वाचायला जायचा. चौथ्या महिन्यात किती डोस लागला ते मला सातव्यात कळलं. आकडा बघून जीव भांड्यात पडला. मग आठवलं, बॅज निम्मा वेळ ओटीबाहेरच्या खिळ्यावर लटकलेला असायचा!

आता इलेक्ट्रॉनिक पॉकेट डोसिमीटर मिळतात. खिशात मावतो, केस संपली की तिथल्या तिथे आकडा दिसतो. तुमच्या आरएसओकडे (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे) माग, नसेल तर रेडिओलॉजीत विचार. शिशाच्या ॲप्रनच्या आतून, पोटावर लाव, आणि टीएलडी तर हवाच. प्रत्येक केसनंतर आकडा वहीत उतरव. माझी एक ज्युनिअर असं करायची. बहुतेक दिवशी आकडा जागचा हलायचा नाही, त्यामुळे तिची भीतीही गेली. एकदा हिपच्या केसला मात्र हलला. शोधलं तेव्हा कळलं, लॅटरल व्ह्यूला, म्हणजे बाजूने फोटो घेताना, ही एक्स-रे ट्यूबच्या बाजूला उभी होती. स्कॅटर, म्हणजे पेशंटच्या अंगावरून विखुरणारे किरण, तिकडेच जास्त. पलीकडे, डिटेक्टरच्या बाजूला थांबायचं, आणि शॉट घेताना दोन पावलं मागे. अंतर दुप्पट झालं की डोस साधारण पावपट. टेक्निशियनला मशीन पल्स मोडवर (सलग नाही, थांबून थांबून किरण सोडणाऱ्या) ठेवायला सांग, लाजू नकोस.

किरणांशिवाय सराव करायच्या सिम्युलेटरबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. आर्थ्रोस्कोपीचा (दुर्बिणीतून सांध्याच्या शस्त्रक्रियेचा) हात त्यावर छान बसतो, जरूर वापर. पण 'मॅडम, तुम्ही आता सिम्युलेटरवरच बसा' ही बाजूला सारायची सभ्य पद्धतही असते. लॉगबुकात, म्हणजे केसेसच्या नोंदवहीत, सिम्युलेटर मोजतात का, ते आधी विचार. सी-आर्म न लागणाऱ्या केसेस मागून घे: टेंडन रिपेअर, हँड, प्लास्टर रूम. बोन सिमेंट (कृत्रिम सांधा बसवायचं) कालवताना वाफ ओढून घेणारा व्हॅक्यूम मिक्सर नसेल तर तेवढा वेळ बाहेर थांब.

रजेचे दिवस टर्ममध्ये भरून द्यावे लागू शकतात. परीक्षा कधी, ते आधीच विद्यापीठाकडून लेखी घे.

ॲप्रन दोन भागांचा, स्कर्ट आणि जाकीट असा घे. वजन कंबरेवर येतं, खांदे वाचतात. आणि घालण्याआधी तो सी-आर्मखाली धरून बघायला सांग. आमच्याकडचे ॲप्रन घडी घालून कपाटात कोंबलेले असायचे. मी हट्टाने तपासायला लावला, तर नेमकी पोटावरच्या घडीलाच बोटभर चीर निघाली.