काळी मारबत आणि बाकाबाई

प्रिय मनू,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री शिफ्ट संपवून रूमवर आल्यावर ऐकला, दोनदा ऐकला, कारण मागे ढोल-ताशाचा इतका आवाज होता की पहिल्यांदा फक्त "बाबा" एवढंच कळलं. तू विचारलंस की आजी म्हणते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण नागपुरात मिरवत नेऊन जाळतो तो काळ्या बाईचा पुतळा, काळी मारबत, म्हणजे बाकाबाई, ती भोसल्यांची राणी होती अन् तिनं इंग्रजांना साथ दिली म्हणून तिला जाळतात, तर बाबा ती खरंच गद्दार होती का, आणि मरून इतकी वर्षं झाली तरी आपण तिला दरवर्षी काऊन जाळून राहिलो. इथे मस्कतला आज शुक्रवारची सुट्टी आहे, म्हणून फोनवर दोन वाक्यात उरकण्यापेक्षा नीट लिहून पाठवतो. तूच वाच, आता सातवीत आहेस.

मी पहिल्यांदा मारबत बघितली ती तुझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून, इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी. दोन्ही मारबतींची भेट तिथेच होते ना, एका बाजूनं काळी आली, दुसरीकडून पिवळी, आणि सगळा रस्ता ओरडत होता, ईडा पीडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत! काळीची मान मला अजून आठवते, बांबूच्या कामट्यांवर काळा कागद चिकटवलेला, गाडी खड्ड्यात गेली की ती मान हळूच हलायची आणि मला वाटायचं ही आता माझ्याकडेच बघते. मी आजोबांचे केस घट्ट धरून बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या एका बाईनं कडेवरचं लेकरू पुढे केलं आणि त्याचं डोकं मारबतीच्या पायाला टेकवलं. मी विचारलं, आजोबा, ही वाईट आहे तर मग तिच्या पाया काऊन पडून राहिले? आजोबा म्हणाले, "ते आपलं सारं दुखणं संगं घेऊन जाते न बाप्पा, मंग पाया नाही पडा लागत तिच्या?"

मला तेव्हा ते समजलं नाही, पण विसरलोही नाही. तुझा प्रश्न ऐकला आणि पहिलं तेच आठवलं.

आता बाकाबाई. ती दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. हे रघुजी १८०३ मध्ये इंग्रजांशी लढले, हरले, देवगावचा तह झाला आणि कटक गेलं, वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाडही गेला. पण एवढं होऊनसुद्धा इंग्रजांची तैनाती फौज, म्हणजे राजाच्या खर्चानं राहणारी इंग्रजांची फौज, नागपुरात ठेवायला ते मरेपर्यंत तयार झाले नाहीत. १८१६ मध्ये ते गेले. मुलगा परसोजी गादीवर बसला पण तो शरीरानं आणि मनानं फार दुबळा होता, राज्य चालवणं त्याला शक्यच नव्हतं, मग घरात दोन बाजू पडल्या. एकीकडे परसोजीला सांभाळणारी बाकाबाई आणि तिची माणसं, दुसरीकडे रघुजींचा पुतण्या आप्पासाहेब. आणि मनू, इथे नीट लक्ष दे, इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार कोणी केला? आप्पासाहेबांनी, मे १८१६ मध्ये, घरातल्या या भांडणात आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून. इंग्रजांची फौज नागपुरात आली ती त्या करारानं, बाकाबाईनं आणली नाही. पुढच्याच वर्षी परसोजी अंथरुणात मेलेला सापडला, गळा दाबला असं म्हणतात, आणि आप्पासाहेब राजा झाले.

मग त्याच आप्पासाहेबांनी इंग्रजांवर हत्यार उचललं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीची लढाई, आपण १५ ऑगस्टला रांगेत उभं राहून जो किल्ला बघितला होता ना तीच टेकडी. आपण हरलो. इंग्रजांनी आप्पासाहेबांना पकडून अलाहाबादकडे पाठवलं, ते वाटेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात राहिले, तिथून भटकत भटकत शेवटी १८४० मध्ये जोधपूरला वारले. मला त्यांच्याबद्दल वाईटच वाटतं, त्यांना मी व्हिलन करत नाही. पण ज्यानं सही केली तो लोकांच्या मनात लढलेला राजा म्हणून राहिला आणि बदनामी सगळी बाकाबाईच्या नावावर गेली, हे मला कधीच पटलं नाही.

बाकाबाईच्या वाट्याला काय आलं तर हरलेलं शहर आणि एक लहान मुलगा, तुझ्यापेक्षाही लहान. रघुजींच्या मुलीचा हा मुलगा दत्तक घेऊन तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसवला आणि बाकाबाई त्याची पालक झाली. कारभार खरा जेंकिन्स नावाचा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारात बसणारा इंग्रजांचा प्रतिनिधी, चालवायचा. लोकांना दिसायचं काय की वाड्यात राणी आहे आणि दरबारात साहेब आहे, म्हणजे दोघं मिळालेले आहेत. तिनं इंग्रजांशी जुळवून घेतलं हे खरंच आहे, ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

पण पुढचं ऐक, हे आजीलाही वाचून दाखव. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले, मूल नव्हतं. डलहौसीनं दत्तक मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. नंतर राजवाड्यातलं सामान काढायला लागले, दागिने कलकत्त्याला लिलावासाठी पाठवले, हत्ती, घोडे, बैल इथेच मातीमोल भावानं विकले. बैलसुद्धा, मनू. ज्या गावात पोळ्याला बैलाच्या पाया पडतात, खांद्याला तूप-हळद लावतात, तिथे राजाचे बैल बोली लावून विकले. तेव्हा बाकाबाई पंचाहत्तरीच्या घरात होती, आणि ही म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली की सामान हलवाल तर राजवाड्याला आग लावीन. हे आपल्या कोणी कौतुकानं रचलेलं नाही, त्या काळच्या इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. राण्यांनी वकील कलकत्त्याला पाठवले, लंडनपर्यंत पाठवले, काही उपयोग झाला नाही.

मग १८५७. नागपुरातही बेत ठरला होता, १३ जूनच्या रात्री शहरातून आगीचे फुगे सोडायचे, ती खूण, आणि टाकळीच्या, इंग्रजांच्याच फौजेतल्या घोडदळानं उठायचं. बेत फुटला आणि काही जणांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी दिलं. त्या वेळी बाकाबाईनं आपल्या माणसांना उठू दिलं नाही, उलट दटावून ठेवलं. पुढच्या वर्षी ती गेली, आणि १८६० मध्ये इंग्रजांनी घराण्यातल्या दत्तक जानोजींना देऊरचे राजे बहादूर हा किताब दिला तो बाकाबाईच्या याच वागण्याची आठवण ठेवून. ज्यांची पोरं किल्ल्यावर लटकली त्यांना तिचा राग येणारच. माझं मत विचारशील तर मी तिला गद्दार म्हणणार नाही. चाळीस वर्षं तिनं एकच गोष्ट धरून ठेवली होती, घराणं टिकलं पाहिजे, आणि त्यासाठी कधी वाकली, कधी भांडली. १८५७ ला ती वाकली ते मला आवडत नाही, पण १८५४ ला ती ज्या जिद्दीनं उभी राहिली ते वाचून मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो, आणि दोन्ही वेळची बाई एकच होती.

आता जाळण्याचं. काळी मारबत काढायला सुरुवात झाली १८८१ च्या सुमारास, म्हणजे बाकाबाई जाऊन बावीस-तेवीस वर्षं झाल्यावर, पिवळी तर त्यानंतर चार वर्षांनी. आणि गावोगावी मारबत काढतात ती पूतना मावशी म्हणून, कृष्णाला विष पाजायला आलेली, तिला गावाबाहेर नेऊन जाळायचं म्हणजे रोगराई जाते. नागपुरात त्या पूतनेला बाकाबाईचं नाव चिकटलं. राज्य गेलं होतं, दरबार गेला, दरबारावर पोट असलेले कोष्टी, कारागीर, शिपाई सगळे उघड्यावर आले होते, डलहौसी काही इतवारीत सापडणार नव्हता, नाव घ्यायला घरचीच बाई सापडली. तू मिरवणुकीतले बडगे, ते दुसरे पुतळे, बघितलेस ना, महागाईचा, भ्रष्टाचाराचा? ते दरवर्षी नवे असतात, जळले की पुढच्या वर्षी कोणाला आठवतही नाहीत. बाकाबाई मात्र दरवर्षी तीच.

आणखी एक सांगतो, हे माझ्या स्वतःच्याही फार उशिरा लक्षात आलं. मारबत जाते त्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा असतो, तू लाकडी बैल घेऊन घरोघरी जातेस, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतेस. नागपुरात सांगतात की लेकरांसाठी हा तान्हा पोळा सुरू केला दुसऱ्या रघुजींनी. म्हणजे बाकाबाईच्या नवऱ्यानं. सकाळी त्या घरातल्या बाईला शहराबाहेर घालवायचं आणि संध्याकाळी त्याच घरानं सुरू केलेल्या सणात पोरांनी बैल सजवायचे, एकाच दिवसात दोन्ही, आणि आपल्याला कधी वेगळं वाटलंच नाही.

आजीशी यावरून वाद घालू नको. तिला तिच्या आजीनं जसं सांगितलं तसं तिनं तुला सांगितलं, एवढ्या वर्षांनी शहरानं बाकाबाईचं नाव तरी लक्षात ठेवलं ते अशा आज्यांमुळेच. फक्त तिला विचार की आजोबांनी मारबतीच्या पाया पडण्याबद्दल जे सांगितलं होतं ते तिला आठवतं का. आणि मारबत बघायला जरूर जात जा, ओरड, नाच, मला इथे त्या दिवशी काय होतं ते मलाच माहीत.

दिवाळीला येतोय, पंधरा दिवस आहेत. एका सकाळी महाल भागात जाऊ, तर्री पोहे खाऊ आणि नगारखाना नीट बघू, बाकाबाई ज्या राजवाड्यासाठी भांडली तो १८६४ मध्ये जळाला, नगारखाना तेवढा उरला. आणि तुझ्या बैलाचं मागचं चाक ढिलं झालंय असं आई म्हणाली, ते फेव्हिकॉलनं चिकटवू नको, मग फिरणारच नाही, मी आल्यावर खिळा ठोकून देतो.

तुझा,
बाबा