पटकीच्या जिवाणूला विष केव्हा सोडायचे हे कसे कळते?

प्रश्न : पाण्यात राहणारा पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जिवाणू माणसाच्या पोटात गेल्यावरच विष तयार करतो आणि त्यात आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांचा हात असतो, असे वाचनात आले. जनुके तीच असताना हे कसे घडते? – एक विज्ञान शिक्षिका, सोलापूर

उत्तर : जनुकावरून आधी संदेशवाहक आरएनएची प्रत निघते आणि रायबोसोम ती वाचून प्रथिन बांधतो. आपण विचारलेली प्रथिने नेमकी या दोहोंच्या मध्ये काम करतात, म्हणजे प्रत निघालेली असली तरी ती वाचली जाईल की नाही, हे ती ठरवतात.

त्यांपैकी एचएफक्यू हे प्रथिन १९६८ साली ई. कोलाय या जिवाणूत सापडले. जिवाणूंना ग्रासणाऱ्या क्यूबीटा या विषाणूला स्वतःच्या आरएनएची नक्कल करण्यासाठी ते लागते, असे तेव्हा दिसले होते. सहा सारखे घटक वर्तुळात जुळून त्याला मेदूवड्यासारखा आकार येतो. काही छोटे आरएनए स्वतः प्रथिन बनवत नाहीत, तर संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याचे वाचन बदलतात. आरएनएची लिपी ए, यू, जी, सी या चार अक्षरांची असते. एचएफक्यूची एक बाजू अशा छोट्या आरएनएचे यू-अक्षरांचे शेपूट धरते आणि दुसरी बाजू ए-अक्षरे जास्त असलेला संदेशवाहक आरएनए धरते. असे शेजारी आणल्यामुळे दोघांची जोडी चटकन जमते.

पटकीचा जिवाणू संख्येने विरळ असतो तेव्हा क्यूआरआर नावाचे चार छोटे आरएनए बनवतो. एचएफक्यूच्या मदतीने ते हॅपआर या प्रथिनाच्या संदेशाला चिकटतात आणि तो संदेश नष्ट होतो. हॅपआर हा विषनिर्मितीचा लगाम आहे. तो सुटला की विष आणि आतड्यात तळ ठोकण्यासाठी लागणारे तंतू तयार होण्याची वाट मोकळी होते. पुढे आतड्यात गर्दी झाली की जिवाणूंनीच सोडलेली रसायने साचतात, क्यूआरआर बंद पडतात, हॅपआर वाढते, विष थांबते आणि जिवाणू आतड्यापासून सुटून जुलाबावाटे बाहेर पडतात. गर्दी झाल्यावर हल्ला करणारे जिवाणू पुष्कळ आहेत. हा मात्र गर्दी झाल्यावर निघून जातो, आणि मला यातले सर्वांत विलक्षण तेच वाटते.

अर्थात विरळ तर तो नदीतही असतो, म्हणून एवढ्यानेच विष सुटत नाही. टॉक्सटी या विषनियामक प्रथिनाचा संदेश थंड पाण्यात घडी घालून मिटलेला असतो आणि ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास उलगडतो. तिथे प्रथिनाची मदतही लागत नाही.

एचएफक्यू काढून टाकलेल्या जिवाणूला उंदराच्या पिलांच्या आतड्यात नीट तग धरता येत नाही, हे २००४ साली दाखवले गेले. मात्र इतर अनेक छोटे आरएनएही याच प्रथिनावर विसंबून असल्याने त्याचे कारण एकट्या क्यूआरआरकडे बोट दाखवून सांगता येणार नाही. आणखी एक गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी : पटकीच्या ज्या वाणाचा संपूर्ण जनुकसंच २००० साली प्रथम वाचला गेला, त्यात हॅपआरचे जनुक बिघडलेलेच आहे आणि तरीही तो वाण रोगकारक आहे, त्यामुळे हा लगाम प्रत्येक वाणात असतोच असे नाही.