ऑइल खाणारी गाडी: इंजिन बांधावं, विकावी की नवी घ्यावी?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे): माझी 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक ऑगस्ट 2013ची आहे, 1,18,000 किलोमीटर झाली. रोज महापेला नोकरीला जातो. गेल्या चार महिन्यांत 3,800 किलोमीटरमध्ये एकेक लिटरच्या तीन बाटल्या ऑइल घातलं. कमी झालं असेल असं वाटलं की एक बाटली ओततो. लाल दिवा अजून एकदाही लागला नाही. एका गॅरेजने इंजिन बांधायचे, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलायचे, 70,000 सांगितले, दुसरा म्हणतो व्हॉल्व सील बदलून 14,000त काम होईल. शोरूमवाले जुन्या गाडीचे 1,10,000 देतात. नवी गाडी ऑन-रोड साडेनऊ लाख. साडेसात लाख कर्ज सात वर्षांसाठी 9 टक्क्यांनी, उरलेले 90,000 एफडी मोडून. एफडी 2,40,000ची आहे, घरखर्च महिना 55,000, एसआयपी 10,000. मुलगी दहावीला. काय करू?

उत्तर: आज तिन्हींपैकी काहीच करू नका. आधी चार-पाच हजार रुपये तपासणीवर घाला आणि 1,000 किलोमीटर मोजून गाडी चालवा. दोन गॅरेजवाल्यांच्या आकड्यांत 56,000 रुपयांचा फरक आहे. तुमच्या पत्रावरून दिसतं की इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, दोघांपैकी कोणीही मोजलेलं नाही. न मोजता सांगितलेल्या आकड्यावर एफडी मोडायची नाही.

ऑइलचा खर्च आधी बघू. बाटली 480 रुपयांची धरली तर चार महिन्यांत 1,440, म्हणजे महिना 360 आणि वर्षाला 4,320 रुपये. हे 4,320 वाचवायला 70,000 घातले तर वसूल व्हायला सोळा वर्षं लागतील. गाडीची नोंदणी मात्र ऑगस्ट 2028मध्ये संपते. नुसतं ऑइल वाचवण्यासाठी इंजिन बांधणं कोणत्याही हिशेबात बसत नाही. खरी भीती वेगळी आहे: पातळी खाली जाऊन इंजिन कोरडं चालणं. बेअरिंग धरलं तर 70,000चं काम एक लाखाच्या पुढे जातं, आणि विमा त्यातला एक रुपयाही देत नाही, कारण झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या मोटार पॉलिसीत बसतच नाही.

म्हणूनच तुमचं लाल दिव्याचं वाक्य वाचून काळजी वाटली. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, ऑइलचा दाब दाखवतो. तो लागेपर्यंत पंपाला ओढायला ऑइल उरलेलं नसतं. दिव्यावर अजिबात विसंबू नका, ऑइलची पातळी मोजायची काडी (डिपस्टिक) बघा.

दुसरं वाक्य बाटलीचं. काडीच्या वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं किंवा थोडं कमी अंतर असतं. ऑइल अर्धा लिटर उतरलं असताना पूर्ण बाटली ओतली की पातळी वरच्या खुणेच्या अर्धा लिटर वर जाते. मग क्रँकशाफ्ट ते ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि तो ब्रीदरच्या नळीतून इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या मार्गाकडे, ओढला जाऊन जळतो. तुमच्या तीन बाटल्यांपैकी काही ऑइल केवळ जास्त भरल्यामुळे गेलं असण्याची बरीच शक्यता आहे. आजचा हिशेब हजार किलोमीटरला 790 मिलिलिटर असा येतो, पण तो मोजलेला नाही, ओतलेला आहे.

मोजायचं असं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघा, उताराच्या रॅम्पवर नको. इंजिन गरम असताना बंद करा, दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या टाकीत) उतरतं. काडी काढून पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर तेवढं आधी काढून घ्या. कमी असेल तर खुणा असलेल्या मापाच्या भांड्याने 100-100 मिलिलिटर घालत बरोबर वरच्या खुणेला आणा. किलोमीटर लिहून ठेवा. दर 250 किलोमीटरला तसंच बघा, घातलेलं ऑइल मिलिलिटरमध्ये लिहा. तुमच्या रनिंगला हे महिनाभराचं काम आहे. हजाराला अर्ध्या लिटरच्या आत आलं तर एवढ्या जुन्या इंजिनासाठी ते चालण्यासारखं आहे. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये याहून जास्तही मान्य करतात.

त्याच महिन्यात बाहेरची गळती बघा. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाका. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल प्रेशर स्विच, क्रँकचं पुढचं-मागचं सील, यांतून ऑइल जातं. इंजिन धुऊन 200 किलोमीटरनंतर पाहिलं की ओल कुठून येते ते कळतं. टॅपेट कव्हरमधून निघालेलं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून तिथेच जळतं. पुठ्ठा कोरडा राहतो आणि सिग्नलला थांबल्यावर करपट वास येतो. पॅकिंग बदलणं काही शे रुपयांचं काम आहे.

मग पीसीव्ही व्हॉल्व. हा छोटासा भाग क्रँककेसमधली वाफ इनटेकला परत देतो. कार्बनने तो उघडा अडकला की इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पितं. काढून हलवला तर आत टिकटिक वाजायला हवी. वाजत नसेल किंवा इनटेकची नळी आतून ऑइलने ओली असेल तर नवा बसवा. इतका स्वस्त भाग असूनही इंजिन बांधायला सांगण्याआधी तो कोणी पाहत नाही, याची खंत वाटते.

धुराकडे वेळ पाहून लक्ष द्या. पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ पाण्याची असते, ती सोडून द्या. निळसर, जळक्या ऑइलच्या वासाचा धूर आपल्या कामाचा. रात्रभर उभी गाडी सुरू करताच एकदा निळा भपकारा आला आणि मग धूर थांबला, तर दोष व्हॉल्व सीलचा, म्हणजे व्हॉल्वच्या दांड्यावरच्या रबरी सीलचा. कापूरबावडीला किंवा माजिवड्याला तीन-चार मिनिटं आयडलवर उभं राहून हिरव्या दिव्याला गाडी काढताना आरशात निळा ढग दिसला, तरीही सील. आयडलला इनटेकमध्ये व्हॅक्यूम जास्त असतो, तो कडक झालेल्या रबरातून ऑइल खाली ओढतो, आणि घोडबंदर रोडवर रोज अर्धा तास आयडल होणाऱ्या गाडीचं सील उष्णतेने लवकर कडक होतं. याउलट ठाणे-बेलापूर रोडवर जोर देऊन वेग घेताना सतत निळा धूर मागे येत असेल तर बोट पिस्टनच्या रिंगांकडे जातं.

शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट. ही करणारं गॅरेज निवडा, आणि काम सांगणाऱ्यापेक्षा वेगळं असलं तर उत्तम. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंजेक्टर बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे स्टार्टर. कंपनीच्या आकड्याशी तुलना कराच, पण चार सिलिंडरांचे आकडे एकमेकांपासून 10-15 टक्क्यांहून जास्त दूर नसणं जास्त महत्त्वाचं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजतात. आकडा चढला तर दोष रिंगा आणि बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा), जागेवर राहिला तर व्हॉल्व किंवा हेड पॅकिंगचा. प्लग बाहेर आहेत तोवर मोबाइलवर फोटो काढा: एकच प्लग काळा आणि ओला असेल तर दुखणं त्या सिलिंडरचं, चारही सारखे ओले असतील तर संशय पीसीव्ही किंवा सगळ्या रिंगांवर.

इथे एक फसवी जागा आहे. कॉम्प्रेशन चांगलं येतं तरी ऑइल जातं, असं होऊ शकतं. वरच्या दोन रिंगा दाब धरतात, तिसरी ऑइल खरवडते. ती कार्बनने खोबणीत अडकली की दाब ठीक आणि ऑइल मात्र वर. अशा वेळी प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारं द्रावण पिस्टनवर रात्रभर सोडतात. सकाळी प्लग न लावता स्टार्टर मारून ते बाहेर काढायचं आणि गाडी रस्त्यावर नेण्याआधी ऑइल-फिल्टर बदलायचंच, कारण द्रावण खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं. दर वेळी यश येत नाही, पण इंजिन खोलण्याआधी करून पाहण्यासारखं आहे.

आता पैशाचा निर्णय. नोंदणी संपेपर्यंत गाडी साधारण 30 महिने चालवायची आहे असं धरू. कॉम्प्रेशन चांगलं आणि धुराची लक्षणं सीलची असतील तर 14,000चं काम करून घ्या. महिन्याला 467 रुपये पडले, ते योग्य आहेत. 16 व्हॉल्वचं इंजिन असेल तर सोळाही सील बदला, आणि हेड न काढता करणार की काढून, ते आधी विचारा, कारण हेड काढलं की पॅकिंग आणि लेथचा खर्च वेगळा.

रिंगा-बोअर गेले असतील तरीही मी इंजिन बांधा म्हणणार नाही. 70,000 हा खोलण्याआधीचा आकडा आहे. बोअर ओव्हल निघाला तर रिबोअर आणि ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँकवर चरे असतील तर ग्राइंडिंग, शिवाय टायमिंग चेन. नुसत्या रिंगा टाकून, होनिंग न करता जोडलेलं इंजिन परत ऑइल खातं, कारण गुळगुळीत बोअरवर नव्या रिंगा बसत नाहीत. एवढं करूनही 1,10,000ची गाडी 1,80,000ची होत नाही. त्यापेक्षा काडी दर आठवड्याला बघत, पीयूसी निघते आहे तोवर आणि हजाराला एक लिटरच्या आत आहे तोवर, ऑइल घालून चालवा. जळलेलं ऑइल सायलेन्सरच्या मार्गातला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू खराब करतं, त्यामुळे हा मार्ग अनंतकाळचा नाही. 20डब्ल्यू-50सारखं जाड ऑइल घालून धूर दाबू नका. मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या ग्रेडच्या यादीतच एक पायरी जाड घ्या.

नव्या गाडीचा हप्ता 12,067 रुपये येतो, सात वर्षांत व्याज सुमारे 2,63,600. एफडीतून 90,000 गेले की 1,50,000 उरतात, म्हणजे तीन महिन्यांचाही घरखर्च नाही. आणि हप्ता एसआयपी थांबवल्याशिवाय बसणार नाही. अकरावीच्या प्रवेशाच्या तोंडावर हे नको. 22 सप्टेंबर 2025पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आला, हे शोरूममध्ये ऐकवतात आणि ते खरंही आहे, पण नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो. तुमच्या 1,10,000च्या आकड्यात तेही आहेच.

त्याऐवजी गाडीसाठी म्हणून महिना 8,000ची आरडी सुरू करा, एसआयपीला हात न लावता. 8,000 जमत नसतील तर 6,000. साडेसहा टक्क्यांनी 30 महिन्यांत 8,000चे सुमारे 2,60,000 होतात. मग कर्ज साडेसातऐवजी पाच लाखांचं, पाच वर्षांसाठी: हप्ता 10,379, एकूण व्याज सुमारे 1,22,750. तोवर गाड्यांचे भाव थोडे चढतील हे धरूनही व्याजातला 1,40,000चा फरक त्याहून मोठा राहावा. आणि आठवड्यातून दोन दिवस ट्रान्स-हार्बरने घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून गेलात तर रनिंग, ऑइल आणि इंजिनावरचा आयडलचा ताण तिन्ही कमी होतील.

नोंदणी आणखी पाच वर्षं वाढवायचा विचार असेल तर ठाणे आरटीओत फॉर्म 25, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर लागतो. ऑइल जाळणारं इंजिन घेऊन तिथे जाऊ नका. गाडी विकताना ऑइल लागतं हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा आणि मोजणीची वही दाखवा. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून थांबू नका, आरसी त्याच्या नावावर झालेली डोळ्यांनी पाहा, कारण तोवर कागदोपत्री मालक तुम्हीच असता.