एसी केबिनसारख्या नव्या सुरक्षा नियमांबद्दल खान्देशातल्या ट्रक ड्रायव्हरांना काय वाटतं?

एसीला ड्रायव्हर कशाला नाही म्हणेल? कुरकुर असलीच तर मालकाची, डिझेल जास्त जळतं म्हणून. पण सक्ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांनाच आहे. जुन्या गाड्यांना नाही. सावद्याहून केळी भरून दिल्लीला निघालेला माणूस मे महिन्यात इंजिनाची धग पायावर घेत, डोक्याला ओला गमछा गुंडाळूनच बसतो.

खरं दुखणं झोपेचं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५ पर्यंत लागू) दिवसाला साधारण ८ तासच काम लिहिलं होतं. केळीला हे कोण सांगणार? माल पिकला, उशीर झाला की भाडं कापलं.

सगळ्यात जास्त राग मात्र भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १०६(२) वर. बेपर्वाईने केलेल्या अपघातात माणूस दगावला आणि ड्रायव्हर न कळवता पळाला, तर १० वर्षांपर्यंत कैद. ‘थांबलो तर पब्लिक जीव घेईल,’ हे धुळ्याच्या कोणत्याही ढाब्यावर ऐकायला मिळतं, आणि ते अगदीच खोटं नाही. पोलिसांना कळवलं तर हे कलम लागत नाही, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. याच कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी जानेवारी २०२४ मध्ये केलेल्या संपानंतर ते थांबवलं. जुलैत बाकी संहिता लागू झाली, हे उपकलम वगळून.